लुसियाँच्या पडण्यावरचा हशा

लियों, १४ नोव्हेंबर १९७८

प्रिय बेर्तील वन्सं,

सप्रेम नमस्कार. दिएपला समुद्रावरचा वारा सुटला असेल, गुडघे जपा. लुसियाँभावजी गेल्यापासून तुम्ही आमचं एकही पाकीट उघडलं नाहीत. हे उघडा.

इथे महोत्सवात आर्माँनं काढलेले सगळे सिनेमे दाखवले. महापौरांनी त्याला ‘हास्याचा राजा’ म्हटलं, तर हा म्हणतो, “राजाला सॉसेजबरोबर जरा मोहरी मिळेल का?” हॉल लोटपोट.

रविवारी ‘तो’ सिनेमा होता. तुम्ही पाहिला नाहीत, म्हणून सांगते. नवरदेव झालेले भावजी छपरावरून घसरतात, कोबीच्या गाडीत आपटतात, उठून टोपी नीट करतात. शॉट संपल्यावर त्यांनी विचारलं होतं, “जमलं का रे, दादा?” संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणून झोपले, ते उठलेच नाहीत.

आर्माँ ते दृश्य कापायलाच बसला होता. भावजींची बायको यव्हेत त्याच्या अंगावर ओरडली, “खबरदार! त्याचं इतकं चांगलं काम फेकून देशील?” म्हणून ते राहिलं. तुम्हाला वाटलं, भावानं भावाचं मरण विकलं. मी कितीदा म्हटलं, ताईंना खरं सांग. तो म्हणायचा, “यव्हेतचं नाव नको. ताईला कुणावर तरी रागवायचंय ना, माझ्यावर रागवू दे.”

पुढच्या त्याच्या एकाही सिनेमात कुणी पडलं नाही, वन्सं. घरी कौलांवर मांजर चाललं तरी हा ताटावरून उठून अंगणात धावायचा. प्रेक्षकांत कधी बसायचा नाही. म्हणायचा, “हशा ओसरला की लुसियाँ विचारतो, जमलं का?”

रविवारी मात्र हट्टानं बसला. भावजी घसरले, हॉल हसला. त्यानं माझा हात घट्ट धरला. “जमलं रे, जमलं,” एवढंच पुटपुटला. मग हात सैल झाला. मला वाटलं, बरं झालं, एकदाचा शांत झाला.

दिवे लागले. सगळे त्याच्याकडे वळून, उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी म्हणत होते, “ऊठ ना, आर्माँ, लोक थांबलेत.”

शनिवारी दुपारच्या गाडीनं त्याला दिएपला आणतेय. भावजींच्या कबरीशेजारची जागा तुम्ही स्वतःसाठी राखलीय. ती त्याला द्याल? नाही म्हणालात तरी मी समजेन. पण स्टेशनवर या. त्याला घरच्या कुणीतरी उतरवून घ्यायला हवं.

अजूनही तुमची भावजय,
मातिल्द