कुरडयांची सावली

नारायण पेठ, पुणे
चैत्र, २००७

प्रिय नम्रता,

मायन्यालाच अडलो बघ. इतकी वर्षं 'चि. सौ. नम्रता' लिहायची हाताला सवय. आता 'सौ.' लिहिता येत नाही आणि 'कु.' लिहिलं तर तू फोन करून हसशील. शेवटी 'प्रिय' लिहिलं. ते तू आहेसच, त्याला कोर्टाचा कागद लागत नाही. पुण्यातल्या पुण्यात, नारायण पेठेतून हिंजवडीला, तिकीट चिकटवून पत्र पाठवणारा मी बहुधा शेवटचा माणूस असेन. तू उघडून दिलेलं ई-मेलचं खातं आहे, पण त्याचा पासवर्ड तुझ्याकडे, आणि तो मागायचा मला धीर झाला नाही. फोन केला असता, तर तू 'मीटिंगमध्ये आहे बाबा' म्हणाली असतीस आणि मी 'बरं बरं' म्हणून ठेवला असता. पत्र मधेच ठेवता येत नाही. म्हणजे येतं, पण तू ठेवणार नाहीस.

आधी आनंदाची बातमी. आपल्या वेल्ह्याच्या खोलीवर वीज आली! सरकारची नव्हे. सरकारचे खांब अजून ओढ्याच्या पलीकडेच उभे आहेत आणि शेजारचा दशरथ म्हणतो की ते तिथंच म्हातारे होणार. आपली वीज आली, सूर्याची. तू आखून दिलेली. संध्याकाळी दिवा लावला तेव्हा तुझी सासू (मी अजून असंच म्हणतो, सरोजिनीलाही चालतं) दाराशी उभी राहून दिव्याला नमस्कार करत होती, आणि मी उगाचच वायरी तपासत होतो, कारण मला रडू येत होतं. या रविवारी तू ते बघायला यावंस, एवढ्याचसाठी हे पत्र आहे असं समज. गेल्या गणपतीत तुझे आणि आमोदचे घटस्फोटाचे कागद झाले, त्यानंतर तू आली नाहीस. तुला अवघड वाटत असेल हे कळतं. 'नाही आलीस तरी चालेल' असं मोठ्या मनाने लिहायला हवं, पण मी लिहिणार नाही. चालणार नाही.

तुला आठवतो तो रविवार? कारखान्यातल्या परदेशी भागीदाराला आमचा ड्रॉइंग विभाग नकोसा झाला, मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि सगळ्यांनी वेड्यात काढलं असताना वेल्ह्याचा तो माळ घेऊन त्यावर एक खोली बांधली. आमोदसुद्धा म्हणाला, बाबा, तिथे मोबाइलला रेंज नाही. जणू काही मी रेंजसाठी चाललो होतो. त्या रविवारी मी मोठ्या ऐटीत सौरऊर्जेचा आराखडा काढून जेवणाच्या टेबलावर पसरला. तीस वर्षं पंपांची ड्रॉइंगं काढण्यात गेली, त्यामुळे रेषा कशा सुबक! पंखे, मिक्सर, इस्त्री, गीझर, टीव्ही, सगळं जागच्या जागी. तू वरणभाताचं ताट बाजूला सारून तो कागद बघितलास आणि तुझ्या त्या वर्ध्याच्या सुरात म्हणालीस, "बाबा, खोलीचं डिझाइन करून राहिले की टॉकीजचं?" माझ्या रेषांना असं कोणी बोललं नव्हतं. साहेबसुद्धा नाही.

मग तू मला शिकवलंस. गीझर नि इस्त्री पहिल्याच फटक्यात उडवलेस. उष्णता करणारं काही या विजेवर चालवायचं नाही, पाणी चुलीवर तापवा आणि चुरगळलेले कपडे घाला, तिथे कोण बघतंय. त्यानंतर विचारलंस की तिथे राहणार किती माणसं. मी म्हटलं, आधी पॅनेल किती मोठं ते सांग. तू म्हणालीस, तसं नाही, आधी माणसं, मग त्यांना काय काय लागतं, ते किती वेळ लागतं, त्यावरून बॅटरी आणि सगळ्यात शेवटी पॅनेल. मी जन्मभर उलट करत आलो होतो. कारखान्यात आधी यंत्र ठरायचं, माणसं त्यात बसवायची. मी चार माणसं सांगितली. आम्ही दोघं, तुम्ही दोघं. तू कागदावर एक पंखा, ओट्यावर एक दिवा, पडवीत एक, रेडिओ आणि मोबाइलसाठी एक जागा काढलीस, आणि खिडकीच्या कट्ट्यावर एक छोटा दिवा स्वतःसाठी. तिथे पाय पसरून वाचणार होतीस. बॅटरी तीन दिवस ढगाळ धरून घ्या म्हणालीस. मी म्हटलं, वेल्ह्यात तीन महिने ढगाळ असतं. "मग पावसाळ्यात जाऊ नका," म्हणालीस. इतका पुणेरी जबाब, तोही वर्ध्याच्या मुलीकडून! त्या दिवशी मी सरोजिनीला सांगितलं, ही आपल्यात मुरली.

पुढे तुमचं जमलं नाही. का, ते मी तेव्हा विचारलं नाही आणि आता विचारत नाही. दोघंही चांगली आहात, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन. फक्त तो कागद मी बरेच महिने कपाटातून काढला नाही. यंदा फेब्रुवारीत काढला. तू लिहिलं होतंस तेच पॅनेल, तीच बॅटरी, बॅटरीला वीज बेताने पाजणारा तोच चार्ज कंट्रोलर बुधवार पेठेतून आणला. पॅनेल अंगणात लोखंडी घोडीवर, दक्षिणेकडे तोंड करून, तू सांगितल्याइतकं कलतं बसवलं. दशरथ येऊन बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "सायेब, एवढा आरसा उन्हात ठिवलाय, पर तोंड तर दिसत न्हाई त्यात!"

आता गंमत ऐक. पहिले काही दिवस सगळं झकास. मार्च संपता संपता बॅटरी भरेनाशी झाली. ऊन असं की चप्पल काढवत नाही, आणि संध्याकाळी पंखा दमेकऱ्यासारखा फिरायचा. मी सकाळी मीटर लावून बघावं तर पॅनेल ठणठणीत. मग दशरथकडे दूध आणायला जावं, त्याच्याशी चार गप्पा माराव्यात, जेवायला परत यावं, आणि संध्याकाळी पुन्हा रडगाणं. सगळे जोड उकलून परत आवळले. बॅटरीत पाणी घातलं. शेवटी बस पकडून पुण्याला गेलो आणि बुधवार पेठेतल्या त्या दुकानदाराला फैलावर घेतलं. त्याने चष्म्यावरून बघत विचारलं, "काका, पॅनेलला ऊन लागतं. देता ना?" मी इतका चिडलो की त्याच्याशी पुन्हा बोलायचं नाही असं ठरवून टाकलं. आल्यावर सरोजिनीला सांगितलं तर तीही म्हणाली, काय बाई एकेक उद्धट माणसं!

दुसऱ्या दिवशी दशरथ घरी नव्हता, म्हणून मी लवकर परतलो. बघतो तर अंगणात माझ्या पॅनेलवर पांढरं स्वच्छ धोतर, माझंच, आणि धोतरावर वरपासून खालपर्यंत कुरडया! एकीला एक चिकटणार नाही अशा बेताने घातलेल्या. सरोजिनी शेजारी स्टुलावर बसून कावळे हाकत होती. म्हणाली, किती छान सोय केलीत हो, उंचावर आहे, कलतं आहे, खालून तापतं, दुपारच्या आत खडखडीत वाळतात. मी जेवायला यायच्या आत ती सगळं गोळा करून आत नेत असे, मला कामात अडथळा नको म्हणून! नम्रता, तूच सांगितलं होतंस ना, एका कोपऱ्यावर सावली आली तरी अख्खं पॅनेल बसतं? इथे अख्ख्या पॅनेलला धोतर नेसवलं होतं. मी ओरडायला तोंड उघडलं आणि इतकं हसू आलं की तिथेच मटकन बसलो. दुकानदाराची क्षमा मागायला अजून गेलेलो नाही. जाईन.

हसून झाल्यावर मी तिला विचारलं, अगं, आपण दोघं माणसं, एवढ्या कुरडया कोण खाणार? नारायण पेठेतल्या गच्चीवरची वाळवणं झाली होती की. ती एक कुरडई सरळ करू लागली. मग म्हणाली, गच्चीवरच्या आपल्या. या नमूच्या. तिला तळलेली कुरडई लागते, आणि त्या हिंजवडीत कोण करून देणार तिला? दरवर्षी तुझा डबा ती वेगळा करायची ते मला माहीत होतं. यंदाही करत होती हे माहीत नव्हतं. बोलायची नाही, पण करत होती. तर आमची वीज कुठे जात होती ते तुला कळलं. डबा खोलीवर ठेवला आहे. तो कुरियरने पाठवायचा नाही असा तिचा हुकूम आहे. चुरा होतो म्हणे.

आता जे लिहायला इतकी पानं फिरलो, ते लिहितो. आमोदचं लग्न ठरलं आहे. मुलीचं नाव वल्लरी, शाळेत चित्रकला शिकवते, मोकळी हसते. पुढच्या महिन्यात, साधंच. हे तुला कंपनीच्या बसमध्ये कोणाकडून तरी कळावं, हे मला सहन होईना. आमोदला सांगूनच लिहितो आहे, आणि रविवारी तो नसेल, आम्ही दोघंच असू. लग्न ठरल्यावर मी तुझा कागद पुन्हा काढला आणि म्हटलं, सोपं आहे, आराखडा चौघांचाच आहे, खिडकीतला दिवा आता वल्लरीला होईल. सरोजिनी हातातलं काम टाकून आली. म्हणाली, "तो दिवा नमूचा आहे. नव्या मुलीला नवी तार ओढा. एवढे हुशार आहात ना, पाच माणसांचं करा." तेव्हा आणखी एक पॅनेल घेतो आहे. पहिल्याच्या शेजारी बसवायचं, पण असं, की एकाची सावली दुसऱ्यावर पडणार नाही. तो कंट्रोलर दोन पॅनेलं झेपवेल की नाही, ते मला कळत नाही. ते तूच येऊन बघायचंस. कागदावर मी माणसं पाच लिहिली आहेत. तुझं मत वेगळं असलं तर तिथे सांग, मात्र खोडरबर मी घरीच ठेवून येणार आहे.

तुझाच,
बाबा