एका बटणाचं यंत्र

बाबा,
धाकटीचा नमस्कार. जेवते वेळेवर, खोकलाही गेला. तुमचे गुडघे कसे आहेत?

आमच्या कंपनीच्या, अंधांना छापील मजकूर वाचून दाखवणाऱ्या नव्या वाचनयंत्राची मात्र शिसारी आलीय. रेडिओ, हवामान, गाणी, सगळं त्यात कोंबलंय. चाचणीला आलेल्या एका अंध आजींनी औषधाची बाटली त्याच्यासमोर धरली. त्यानं आधी पावसाचा अंदाज सांगितला, मग बाटलीचा रंग. किती चमचे घ्यायचं ते येईपर्यंत आजी वैतागून उठल्या. डोळस साहेब टाळ्या पिटत होते.

तुमच्याकडचं जुनं एका बटणाचं यंत्र बनवणं हे लोक आता बंद करणार, सुटे भागही मिळणार नाहीत. सुटं बटण सोबत पाठवतेय, जपून ठेवा.

दादा पत्र वाचून दाखवताना नको ते गाळतो. तुमचं यंत्र काही गाळत नाही, म्हणून हे ठळक छापलंय. काल मी नोकरी सोडली.

तुमचीच,
धाकटी