इथवर आलास का?

बाई, आज सकाळी मी घरातली एकुलती एक पेन्सिल साखरेच्या डब्यात टाकली, झाकण दाबून लावलं आणि वर खलबत्ता ठेवला. बायको म्हणाली, "आता पेन्सिलीला मुंग्या लागत्याल." तिला हसू द्या. मी हे पत्र बॉलपेननं लिहायला बसलो आहे. तुम्हाला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. पत्र कुठं पाठवायचं ते मला माहीत नाही, पण ते आजच लिहायला हवं. सोमवारी बारामतीला माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, आणि डावा तर गेल्यातच जमा आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी करू नका. कुणी असं म्हटलं की मला जास्तच काळजी लागते, हे तुम्हाला ठाऊक आहे.

तिसरीतून शाळा सुटलेला मी. भवानीनगरला कारखान्यात गव्हाणीवर होतो, म्हणजे उसाच्या मोळ्या जिथून आत जातात तिथं. रविवारची उपासना झाली की बारामतीत तुमच्या ओट्यावर आम्ही चार-पाच थोराड माणसं पाट्या घेऊन बसायचो. तुम्ही अक्षर काढून द्यायचात आणि मी त्याच्यावरून गिरवायचो. इतकं गिरवलं की माझं अक्षर तुमचंच झालं. तुमचा काना खाली जरासा डावीकडं वळतो, माझाही वळतो. हजेरीच्या वहीत सही केली की टाइमकीपर सगळ्यांना बोलावून दाखवायचा, "बघा रं, गडी गव्हाणीवर आन् सही मास्तरीणबाईची!" मला लाज वाटायची. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "मग शिष्य म्हणजे दुसरा कोण रे? प्रभूच्या अक्षरावरून गिरवायचं. आपलं वळण जाऊन त्याचं येईपर्यंत."

वाचता यायला लागल्यावर तुम्ही कपाटातली पुस्तकं द्यायला लागलात. प्रार्थनेवरची, क्रूस उचलून चालण्यावरची, छळ सोसलेल्या साध्या माणसांची. देण्याआधी प्रत्येक पानाच्या तळाशी तुम्ही पेन्सिलीनं लिहून ठेवायचात, इथवर आलास का? ते पान वाचून झालं की आम्ही खाली लिहायचं, आलो. एकदा हंगामाच्या धामधुमीत कंटाळून मी एका बैठकीत वीस पानांवर आलो, आलो लिहून टाकलं. तुम्ही मधलंच एक पान उघडलंत. "इथं हा माणूस कुठं बसलाय?" मी म्हणालो, "झाडाखाली." "तुरुंगात बसलाय." सगळे हसले, तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "जिथं आला नाहीस तिथं आलो लिहू नकोस. सरळ नाही आलो असं लिही. मी थांबेन की."

त्यानंतर वर्षभरात आमची पहिली मुलगी तापानं गेली. दीड वर्षाची होती. तुम्ही वरकुट्याला आमच्या घरी आलात. चुलीपाशी बायकोच्या शेजारी बसलात, तिच्या हातातलं पीठ घेऊन चार भाकरी थापल्यात. निघताना निळ्या पुठ्ठ्याचं एक पातळ पुस्तक माझ्या हातात दिलंत. दुःखात आशा कशी धरावी, असं काहीतरी. मी ते न उघडता ट्रंकेत टाकलं. मला आशा नको होती बाई, पोरगी हवी होती.

पुढच्या उन्हाळ्यात तुमची दृष्टी गेली आणि तुम्ही अंथरूण धरलंत. मी भेटायला आलो तेव्हा म्हणालात, "त्या निळ्या पुस्तकातलं शेवटचं प्रकरण मला वाचून दाखव. पुढच्या रविवारी घेऊन ये." मी गारठलो. पुस्तक उघडलेलंच नव्हतं. जोडाक्षराला अडखळणार, तेही पाळकांच्या आणि तुमच्या भाचीच्या देखत. आणि तुमचा चेहरा असा झाला होता की माझ्यानं बघवत नव्हता. मी नुसतं "येतो बाई" म्हणून उठलो. आपल्याकडं निघताना कुणी जातो म्हणत नाही, येतोच म्हणतात. माझ्या मनात जातो होतं. तुम्ही येतो असं ऐकलंत. त्या रविवारी दिवसभर तुम्ही भाचीला विचारत राहिलात, "आला का? येतो म्हणालाय तो." दिवस मावळताना तुम्ही गेलात. मातीच्या वेळी भाचीनं मला हे सांगितलं. मी म्हणालो, पुस्तक पिशवीत घालून निमगाव केतकीला स्टँडवर दोन तास उभा होतो, एस.टी. आलीच नाही. तेव्हापासून सगळ्यांना हेच सांगत आलो आहे. बायकोलासुद्धा.

ऑपरेशनची तारीख मिळाली तेव्हा मी ट्रंक उघडली. उगाच भीती वाटली, की डोळा गेला तर हे पुस्तक राहूनच जाईल. कागद पिवळा पडलाय, पण प्रत्येक पानाखाली तुमचं अक्षर आहे, इथवर आलास का? पहिल्या दिवशी चार पानं वाचली आणि चारही पानांवर आलो लिहिलं. जेवून आडवा झालो. उठून पाचवं पान उलटतो, तर तिथं आलो लिहिलेलं. मी ते पान वाचलेलं नव्हतं. बोट फिरवलं तर बोटाला काळं लागलं. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. मी जिथवर वाचलं असेल त्याच्या नेमकं एक पान पुढं. काना खाली डावीकडं वळलेला. घरात आम्ही दोघंच. मुलगा पुण्याला असतो, बायकोला अक्षरओळख नाही, आणि दुपारी मी कडी दोनदा बघूनच पडतो.

बायकोला विचारलं, "मी झोपल्यावर त्या पुस्तकाला कोण हात लावतं का?"

"कोण लावंल? तुमीच लिव्हत बसता की. पेन्सिल कुरकुरती, मला हितं ग्यासपाशी ऐकू येतं."

"मी झोपलेला असतो गं."

"मग झोपंत लिव्हत असाल. जागंपणी तरी कुठं धड काय करताय?" असं म्हणून तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिचं हसू गेलं. "काय लिव्हलंय पर त्यात?"

"आलो, असं लिहिलंय."

तिनं गॅस बारीक केला. मग हळूच म्हणाली, "कोण आलं?"

मी असेन, असं मी स्वतःला समजावतो. म्हातारा माणूस झोपेत काहीही करतो. उठल्याबरोबर बोटं बघतो, कधी काळी असतात, कधी स्वच्छ. अक्षरावरून ओळखावं तर ते तुमचं आणि माझं एकच. एका पानावर त्या लेखकानं स्वतःच्या गेलेल्या लेकराबद्दल लिहिलंय. म्हणतो, प्रभू दुःखाच्या आत येऊन शेजारी बसतो. मला चुलीपाशी बसलेल्या तुम्ही आठवलात. ते पान पुरं करायला मला तीन दिवस लागले, आणि तीनही दिवस पुढच्या पानावरचं आलो तिथंच थांबून होतं. एकही पान पुढं सरकलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी वाचलं असतं तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही. एवढं खरं, की परवा मी बायकोजवळ मुलीचं नाव घेतलं. आम्ही दोघांनीही ते इतकी वर्षं घेतलं नव्हतं.

काल संध्याकाळपर्यंत सगळं वाचून झालं, शेवटचं एक पान सोडून. त्याच्या तळाशीही तोच प्रश्न आहे. खाली अजून कोरं आहे. आज दुपारी ते भरेल, आणि मला त्याचीच धास्ती आहे. बाकीच्या पानांवर आलो आधी उमटलं आणि मी मागून पोचलो, म्हणजे ते खरं झालं. हे पान वेगळं आहे. हे तुमच्या उशाशी बसून वाचायचं होतं. तिथं कुणीही आलो लिहिलं, मी झोपेत लिहिलं नाहीतर आणखी कुणी, तरी ते खोटंच होणार. म्हणून पेन्सिल डब्यात टाकली, म्हणून आज आडवा झालो नाही. हा कागद त्या पानात घालून ठेवीन.

आत्ता बायकोनं आतून हाक मारली, "आवो, पुरं करा की आता! कवाधरनं पेन्सिल कुरकुरतीया."

मी बॉलपेननं लिहितोय, बाई. इथून मला डबा दिसतो, त्याच्यावर खलबत्ता आहे तसाच आहे. पुस्तक माझ्या पाठीमागं कॉटवर आहे. मी वळून बघितलेलं नाही. लिहिणाऱ्या तुम्हीच असाल आणि माझ्यासाठी लिहीत असाल, तर ते खोडा. एस.टी. आली होती. वेळेवर आली होती. कंडक्टरनं दार धरून विचारलंसुद्धा, "याचं हाय का, पाव्हणं?" मी मान आडवी हलवली.

नाही आलो.