दाजींच्या वायरिंगची खुशाली

आदरणीय दाजींना,

वाकून नमस्कार. (कंबर हल्ली वाकलेलीच असते, त्यामुळे नमस्काराला वेगळे कष्ट पडले नाहीत. कारण पुढे येईल.) तुमचा खोकला थांबला असेल, ताईचा राग उतरला असेल आणि भाचीचा दात एकदाचा वर आला असेल, अशी आशा आहे. इकडे आई-बाबा बरे आहेत. खरं तर फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही उत्तर आधी देता आणि प्रश्न नंतर ऐकता, म्हणून लिहायला बसलो. शाळा माझी अर्धवट सुटली तरी शुद्धलेखन सुटलेलं नाही, तेव्हा वाचायला त्रास होऊ नये.

आपल्या वरच्या नव्या खोलीचं वायरिंग करायला बाबांनी तुम्हाला बोलावलंय आणि तुम्ही रविवारी येताय, असं कळलं. त्याबद्दल मला काहीही म्हणायचं नाही. जावयाच्या कामात मेहुण्याने तोंड घालू नये, एवढं मला कळतं. मी फक्त तुमच्याकडून घेतलेल्या मोटरसायकलची खुशाली कळवतोय. तिचं सगळं जादा वायरिंग तुम्ही स्वतःच्या हातांनी केलंत, म्हणून तुम्हालाही उत्सुकता असेल.

गाडी उत्तम आहे. माझ्याकडे आल्यापासून एकाही चोराने तिला हात लावलेला नाही.

पहिल्याच दिवशी लक्षात आलं, की ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो. आधी वाटलं, माझाच पाय चुकतोय. (काहीही बिघडलं की आधी मीच चुकलो असं मला वाटतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघतं.) म्हणून चपला काढून बूट घालून पाहिले. हॉर्न वाजतच राहिला. कुणी रस्ता ओलांडताना दिसलं की मी सभ्यपणे थांबायला जायचो आणि गाडी त्याच्या अंगावर खेकसायची. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर मला छत्री उगारून दाखवली. शेवटी ब्रेकचा नाद सोडून मी दोन्ही पाय रस्त्याला घासत थांबायला शिकलो. बूट गेले, पण 'गाडी उत्तम आहे' हा शब्द खाली पडला नाही. तुमचा म्हणतोय मी, माझा नाही.

डावीकडचा इंडिकेटर लावला की पुढचा मोठा दिवाही त्याच तालात उघडझाप करतो. समोरून येणाऱ्याला वाटतं, हा ओळख दाखवतोय. एक टोपीवाले गृहस्थ स्कूटर बाजूला घेऊन थांबलेच. म्हणाले, "ओळखलं नाही हो मी." दिव्याची चूक आहे असं तोंडावर सांगणं मला उद्धटपणाचं वाटलं, म्हणून मी घरची विचारपूस केली. आता ते रोज त्या वळणावर थांबतात. त्यांची दाढ, त्यांच्या मुलीची बदली, थोरल्या भावाशी अबोला, सगळं मला पाठ आहे. नाव माहीत नाही, आणि आता विचारायची सोय राहिलेली नाही.

मग एकदा बाबा मागे बसले आणि गाडी बंद पडली. ते उतरले, चालू झाली. पुन्हा बसले, पुन्हा बंद. मी तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, "अरे, ते मीच केलंय. चोर कधी एकटा येतो का?" म्हणजे मागच्या सीटखाली तुम्ही गुप्त बटण बसवलंय आणि दुसरा माणूस बसला की इंजिन गप्प. कल्पना थोर आहे. पण बाबांना काय सांगणार? जावयाच्या हातचं काम. म्हणालो, पेट्रोल संपलं. पुढच्या खेपेलाही पेट्रोलच संपलं. हॉर्नचं म्हणालो, मला सवय लागलीय. परिणाम असा, की बाबांच्या मते मी वेंधळा आणि कर्कश आहे, आणि जावयाने गाडी अशी भक्कम केलीय की असल्या पोराच्या हातातसुद्धा टिकून आहे. त्याच कौतुकात त्यांनी खोलीसाठी ठरवलेल्या इलेक्ट्रिशियनला नको म्हणून सांगितलं. तेव्हा मूळ दोष माझाच.

मी गाडी मेकॅनिककडे नेली. त्याने बाजूचं झाकण काढलं. आत सगळ्या वायरी पिवळ्या. (पिवळ्या वायरीचं अख्खं भेंडोळं तुमच्याकडे पडून होतं, असं ताई म्हणाली.) जोड दिलेल्या ठिकाणी जखमेवर लावायच्या चिकटपट्ट्या. त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"कुणी केलंय हे?"

"आमच्या दाजींनी."

त्याने आवाज खाली आणला. "आहेत ना ते?"

"आहेत की. ठणठणीत आहेत."

"मग त्यांनाच दाखवा," म्हणाला, आणि झाकण अलगद परत बसवलं.

तुम्हाला दाखवण्याऐवजी मीच बसलो. तुम्हाला माहीतच आहे, मी छापखान्यातली प्रुफं गिऱ्हाइकांकडे नेतो-आणतो. तिथून कागदाचे कपटे आणले आणि सुवाच्य अक्षरात प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधली. आई म्हणाली, "गाडी आहे का औषधांचं कपाट?" एका वायरीचा मात्र ठाव लागेना. ती सीटखालून निघायची, टाकीला वळसा घालायची आणि परत सीटखालीच यायची. तिच्या चिठ्ठीवर मी लिहिलं, 'निरुपयोगी'. त्यातला रु ऱ्हस्व, हे दोनदा तपासलं. वायर एकदाच तपासली, आणि कापली.

तेव्हापासून गाडीत कमालीची शांतता आहे. ब्रेक दाबा, इंडिकेटर लावा, दोघे बसा, तिघे बसा, तिचं काही म्हणणं नसतं. रोज सकाळी मी ती ढकलत नेतो. बाबा खिडकीतून पाहतात आणि आईला सांगतात, पोराला पेट्रोलची किंमत कळली. वळणावरून टोपीवाले गृहस्थ मागून हात लावतात. छापखान्याच्या कोपऱ्यावर मी हेल्मेट चढवतो आणि धापा टाकत आत शिरतो. मालकांची अट 'स्वतःची गाडी हवी' अशी होती. चालू हवी, असं ते म्हणाले नव्हते. प्रुफं पायीच पोचवतो. परवा मालक म्हणाले, "हल्ली हळू चालवतोस. बरं आहे." नोकरी अजून आहे.

असो. गाडी उत्तम आहे. ताईला नमस्कार, भाचीचा गालगुच्चा घ्यावा.

तुमचा नम्र मेहुणा

ता. क. : वर मला काही म्हणायचं नाही असं लिहिलं, ते तितकंसं खरं नाही. ती खोली माझ्यासाठी आहे. पलंग बरोबर पंख्याखाली येतो. दाजी, पाया पडतो, रविवारी येऊ नका. कंबर धरलीय असं बाबांना कळवा. ती कुठे आणि कशी दुखते ते मी सविस्तर लिहून पाठवीन. तुम्ही नाही म्हणालात की बाबा इलेक्ट्रिशियनला परत बोलावतील, आणि मी त्यांना कधीच खरं सांगणार नाही.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवण्याआधी बाबांना सहज विचारलं, की दाजींना नाही जमलं तर? ते म्हणाले, "मग तू कर की. एवढी गाडी उघडून बसला होतास, वायर न् वायर पाहिलीस. त्यांच्या हातचं बघून काहीतरी शिकला असशीलच." इलेक्ट्रिशियनचं नावही निघालं नाही. तरी वरचा ता. क. रद्द समजावा. (खोडला असता, पण कागद घाण दिसतो.) रविवारी नक्की या. शक्यतो शनिवारीच या. ताईलाही आणा, तिला मेन स्विचपाशी उभं करू.