काळा पट्टा अन् पोरीचे हात

मंगळवार, दिवेलागणीले

आमचे हे हॉकीच्या नव्या टीममधी खेळतेत. चार दिवसाच्या सुट्टीवर आरमोरीले घरी आले, पन हातातला काळा पट्टा काढत नाईत. टीमनंच देला. कोन किती धावला, किती झोपला, सारं मोजते तो, अन् तिकडं नागपूरले कोच सरच्या कम्प्युटरवर दिसते.

आज सरचा फोन आला. "झोप कमी होऊन राह्यली तुझी. असंच चाललं तं पुढच्या मॅचले बाहेर बसशील."

झोप कमी, काऊन की पोरगी रडते अन् बापाच्याच खांद्यावर गप होते. हे नाई दिसत का त्या पट्ट्याले?

सासू बोललीच, "जन्मली नाई तं बापाची जागा खाल्ली वं तुह्या लेकीनं!"

हे म्हनाले, "दर सुट्टीले असंच होईन. सीझन संपेपर्यंत पोरीले घेऊन तुह्या मायकडं जा."

मले भेव लागून राह्यलं. माह्या मोठ्या बहिनीलेबी तिच्या नवऱ्यानं असंच थोड्या दिवसासाठी मायकडं धाडलं होतं. अजून तिथंच हाय.

आत्ता पोरीनं बापाकडं दोन्ही हात केले. यायनं तिले उचललं नाई, पट्ट्याचा हात पाठीमागं लपवला. पोरीले वाटलं, खेळ हाय. हासून राह्यली.