सत्त्याऐंशी नंबरचा बिल्ला

हिंगोली
ता. ५ ऑगस्ट २०२४

ती. बाईच्या चरणी धाकट्या भावाचा, हिरासिंगचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. पत्र बघून दचकू नकोस. फोन केला की तुझ्या घरी तो मोठ्याने लावतात आणि अख्खा तांडा ऐकतो, म्हणून लिहितो.

माझं बिल्ल्यांचं वेड तुला ठाऊक आहे. एसटीतून निवृत्त झाल्यापासून जुन्या जिनिंगचे, आडतींचे पितळी बिल्ले जमवतो आणि घरचे मला भंगारवाला म्हणतात. पण कापसाच्या हंगामात कुठकुठून माणसं वसमतला यायची, ते या पितळेवरूनच कळतं. आपली याडी तुला तान्ही घेऊन ज्या जिनिंगमध्ये कापूस वाहायला जायची, तिथे लेकुरवाळ्या बायांना एकाच नंबरचे दोन बिल्ले मिळत. मोठा आईकडे, छोटा लेकराच्या करदोट्याला. लेकरं दिवसभर छपरीत राहत. संध्याकाळी नंबर जुळला तरच चौकीदार लेकरू हातात द्यायचा.

याडीचा मोठा बिल्ला माझ्याकडे आहे. तुझ्या गळ्यातला छोटा तिथलाच. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घास, आकडा उमटेल. तेवढा कागद पाठव. बिल्ल्याला चिंच लावू नकोस, त्याचा जुनेपणा जातो. घाई नाही, पण लवकर पाठव.

दाजींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझा
हिरा

शिरड शहापूर, तांडा
ता. १२ ऑगस्ट २०२४

चि. हिरासिंगला बाईचे पोटभर आशीर्वाद.

कागद सोबत आहे. आकडा उर्दूत, मला तर नुसत्या मुंग्या दिसल्या. बाजारातल्या घड्याळवाल्या चाचांना दाखवला तर म्हणाले, सत्त्याऐंशी. तुझं पत्र मिळण्याआधीच मी बिल्ला चिंचेने लख्ख केला होता, आता ओरडू नकोस.

घाई नाही पण लवकर, हे काय रे? तू असं लिहितोस तेव्हा काहीतरी पोटात ठेवलेलं असतं. माझा जीव लागून राहिला आहे. राखीला येशील तेव्हा सांग. नात निलम तुझ्यासाठी राखी घेऊन आली आहे. मामाआजोबा फार नटवे म्हणून चमचमती आणली.

तब्येत सांभाळ, बाईला विसरू नकोस.

जिवनबाई

हिंगोली
ता. २४ ऑगस्ट २०२४

ती. बाईस सा. न. वि. वि.

राखीला आलो नाही. निरोप पाठवला तसा ताप वगैरे काही नव्हता. तुझ्यासमोर बसायची हिंमत झाली नाही.

याडीच्या बिल्ल्यावर एकशे बारा आहे. बँकेतला रत्नपाल माझ्यासारखाच जुन्या वस्तू जमवतो. त्याची करुणाआत्या कुरुंद्याला असते, तुझ्याच वयाची, नर्स होती. तिची आई चांगुणाबाई त्याच जिनिंगमध्ये होती. त्याने आत्याकडच्या बिल्ल्यांचे फोटो दाखवले. चांगुणाबाईंचा मोठा बिल्ला सत्त्याऐंशीचा आणि करुणाबाईंचा लहानपणचा छोटा एकशे बाराचा. तुझा कागद वेगळा निघेल अशी आशा होती, म्हणून मागवला.

बाई, चौकीदाराने पोरी तर बदलल्या नाहीत ना? मला जेवण जात नाही. नांदेडला रक्ताची तपासणी होते म्हणतात. तू म्हणशील तर करू, नको म्हणशील तर हा विषय मी कुणाजवळ काढणार नाही. रत्नपालला याचा सुगावा नाही.

काहीही निघालं तरी मी तुझाच आहे. रागावू नकोस, उत्तर पाठव.

हिरा

शिरड शहापूर, तांडा
ता. ६ सप्टेंबर २०२४

चि. हिराला आशीर्वाद. आधी जेव, मग वाच.

बिल्ले चौकीदाराने नाही, याडीनेच बदलले होते. माझ्याआधीची तिची दोन लेकरं गेली. मी झाले तेव्हा तिने धसका घेतला. चांगुणाबाईचंही एक गेलेलं. दोघींनी ठरवलं, हिचा बिल्ला तिच्या पोरीला बांधायचा आणि तिचा हिच्या. याडी सांगायची, नजर शोधत आली तर तिला लेकरू सापडायचं न्हाई. संध्याकाळी चौकीदार नंबर बघून उलटी पोर द्यायचा आणि फाटकाबाहेर, चिंचेखाली दोघी आपापली पोर बदलून घ्यायच्या. तुझ्या जन्माच्या आधीचं, म्हणून तुला माहीत नाही. मला वाटलं, ते तिथेच संपलं.

पण तुझं पत्र वाचल्यापासून एकच मनात येऊन राहिलं. तान्ह्या पोरी, दिवसभर कापूस वाहून डोळ्यांवर झापड, वर अंधार. एखाद्या संध्याकाळी चुकलं असेल तर?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता कुरुंद्याला गेले. याडीचं नाव सांगताच करुणाने दारातच हात धरला. तिला फाटकाची गोष्ट पाठ होती. वर तिने सांगितलं, की छपरीत जी पोर रडेल तिला जी मोकळी असेल ती पाजायची, तुमची आमची असं काही नव्हतं. तपासणीचं मी तिच्याजवळ काढलं. ती नर्स, तिला सगळं कळतं. म्हणाली, काहून करायची? मी पण नाही म्हटलं. तेव्हा तूही तो विषय सोड.

तिला सख्खा भाऊ नाही. तिच्या घरी दिवाळी करत नाहीत, पण भाऊबीजेला माझ्याबरोबर तुझ्याकडे जेवायला येईन म्हणाली. दोघींचं ताट मांड.

हिरा, तुला म्हणून सांगते. तिच्या बैठकीत बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी चांगुणाबाईंचा फोटो आहे. करुणा दोनदा म्हणाली, बघा की माझी माय. मी चष्मा काढून पुसत बसले, निघेपर्यंत पुसत राहिले. तू कधी कुरुंद्याला गेलास तर तूही बघू नकोस.

तुझी बाई
जिवन