मामांचं कुलूप

ता. ४ मार्च

चि. भाचीबाईस, मामाचे अ. आ.

तुझ्या संस्थेच्या खोलीला सील ठोकायला सरकारला किती खर्च पडला, याचा गल्ल्यावर बसून हिशेब केला: एक जीप, दोन साहेब, चार पोलिस आणि अख्खा दिवस. आत काय, तर नट आवळायचे पाने आणि पंपाचे वायसर! तू पाठवलेला फोटो भिंग लावून पाहिला. बाई गं, कुलूप माझ्याच कारखान्याचं! हसावं की रडावं? डोक्यावर टोपली घेऊन कुलपं विकत फिरायचो, तेव्हापासून सांगत आलोय, की आपलं कुलूप किल्लीशिवाय ब्रह्मदेवाच्या बापालाही उघडायचं नाही.

पण एक कळव. गावोगावचे हातपंप दुरुस्त करणाऱ्या बायकांची सरकारला एवढी धास्ती का? तू काहीतरी गाळून लिहितेस, असा वास येतोय. मामीचं म्हणणं, तू कोणाला तरी उलट बोलली असणार. आईवर गेलीस.

माया आहेच, पत्र लिहून ती ताजी ठेव.

तुझा मामा


ता. ११ मार्च

ती. मामांस, शि. सा. न.

उलट बोलले नाही, रंगवलं. पंप बंद पडला की आमच्या बायका त्याच्या ओट्यावर तारीख रंगवतात. दुरुस्त झाला की शेजारी दुसरी. गावाला कळावं, एवढंच. सरकारी अहवालात मात्र सगळे पंप कायम चालू! एका साहेबांनी ओटा वाचला आणि आठवड्यात आमची नोंदणी रद्द झाली. कारण काय, तर म्हणे विकासात अडथळा.

आता वरच्या वस्तीचा पंप बंद आहे. लोक डबक्याचं पाणी पितात. आमच्यातल्या सुतारकाकूंची नात जुलाबाने दवाखान्यात आहे. पाने आत, आम्ही बाहेर. तेव्हा मामा, किल्लीशिवाय तुमचं कुलूप कसं उघडायचं, ते तुम्हीच सांगा.

लोभाला सील लागत नाही, म्हणून हक्काने विचारते.

तुमची भाची


ता. १६ मार्च

चि. भाचीबाईस, अ. आ.

उघडतच नाही, तर सांगू काय? आणि सील तोडलंस तर थेट तुरुंग. हात लावू नकोस.

काल इथल्या मुख्य कचेरीत गेलो. कुलपांची ऑर्डर मिळेल का, असं निमित्त काढलं. साहेब भेटले नाहीत, पण बाकावर कान उघडे ठेवून बसलो. फळीपलीकडे दोन कारकून चहा पीत सांगत होते, की तुमच्यासारख्या आणखी संस्थांचा नंबर लागणार आहे, आणि जो अर्ज घेऊन येईल त्याचा आधी. तुमचं सील काढा म्हणून लिहून नेलेला अर्ज खिशातच ठेवला आणि बाजार गाठला. मोठे पाने, पाइप धरायचा शिकंजा, वायसर, सगळं उद्याच्या बसने येतंय. पाने विकत घेणं हा अजून तरी गुन्हा नाही. फक्त ते एका जागी ठेवू नका. खोली असली की कुलूप येतं. हे कुलूपवाला सांगतोय.

नातीचं कळव. मामी सारखी विचारते. आमची काळजी कमी होईल असं काहीतरी लिही.

मामा


ता. २५ मार्च

ती. मामांस, शि. सा. न.

पाने पोचले. वरच्या वस्तीचा पंप चालू झाला, ओट्यावर तारीखही पडली. नात घरी आलीय. अशक्त आहे, पण भांडायला लागली.

दुसऱ्याच दिवशी जीप आली. पंप कोणी दुरुस्त केला, म्हणून साहेब सगळ्यांवर ओरडले. सुतारकाकूंनी शांतपणे विचारलं, की साहेबांच्या कागदावर तो कधी बंदच पडला नव्हता, मग दुरुस्त कोण करणार? एका पोलिसाला तोंड फिरवून खोकावं लागलं. साहेबांनी राग खोलीवर काढला. आतलं सगळं सामान जप्त करून नेलं. मला सोमवारी चौकशीला बोलावलंय.

नवे पाने मात्र या घरून त्या घरी फिरतायत. आज कुठे आहेत, ते मलाही ठाऊक नाही. म्हणजे सोमवारी खोटं बोलावं लागणार नाही. भीती वाटते, नाही असं नाही.

मामींना नमस्कार. सोमवारपुरता आशीर्वाद जरा जास्त धाडा.

तुमची भाची

ता. क. किल्ली कचेरीतच राहिली होती. शिपायाने तुमचं कुलूप दगडाने फोडलं. दुसऱ्या घावात.